चळवळीची मेल 'स्पॅम' कधी ठरते?

"आम्ही काही विकत नाही, समाजाला माहिती देतो. मग आमच्या मेलला स्पॅम का म्हणता?" हा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकीत हमखास येतो. प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्याचे उत्तर मजकुरात नाही. न मागता घाऊक पाठवलेली मेल म्हणजे स्पॅम, मग ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे निमंत्रण का असेना.

पूर्वी अशा मेलखाली एक ओळ हमखास असे: अमेरिकी सिनेटच्या विधेयक १६१८ नुसार ही मेल स्पॅम मानता येणार नाही. हे विधेयक १९९८ मध्ये सिनेटने मंजूर केले, पण त्याचा कायदा कधीच झाला नाही. म्हणजे बचावच खोटा! अमेरिकेचा प्रत्यक्ष कायदा २००३ चा. व्यावसायिक मेलला तो आधी परवानगी मागत नाही, पण 'नको' म्हटल्यावर कामकाजाच्या १० दिवसांत थांबायला लावतो. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर उभा आहे. संमती ठरावीक कामापुरती असावी आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे तो सांगतो.

आता आपल्या याद्या पाहा. शिष्यवृत्ती मार्गदर्शन शिबिरात मुलीने पत्ता दिला तो शिष्यवृत्तीसाठी. तोच पत्ता वधू-वर मेळाव्याच्या किंवा एखाद्या उमेदवाराच्या यादीत गेला, तर 'समाजाचेच काम आहे' हे उत्तर पुरत नाही.

आणि आपल्या बाबतीत मामला निव्वळ त्रासाचा नाही. बौद्ध युवकांच्या यादीत नाव असणे म्हणजे त्या माणसाचा धर्म आणि बहुधा जातही उघड होणे. भाड्याचे घर मिळावे म्हणून कोणी आडनाव सांगायचे टाळत असेल, आणि आपण त्याचा पत्ता ३०० जणांसह 'सीसी'त टाकून मोकळे होतो. ती मेल पुढे कुठे जाईल, कोण सांगणार? पत्ते 'बीसीसी'त टाकायला एक मिनिटही लागत नाही.

ज्यांनी परवानगी घेतली, बाहेर पडायची लिंक दिली, त्यांच्यावरचा स्पॅमचा आरोप मात्र अन्यायाचा आहे. वाचकाचे एक बटण त्यांना महागात पडते. जीमेलच्या फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार घाऊक पाठवणाऱ्यांच्या स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली हव्यात, म्हणजे हजारात तीनही नाहीत. त्यापुढे गेले की ज्यांना मेल हवी आहे, त्यांच्याकडेही ती स्पॅमच्या फोल्डरमध्ये पडू लागते. म्हणून स्वतः नाव नोंदवले असेल आणि आता कंटाळा आला असेल, तर 'अनसबस्क्राइब' दाबा. पाठवणारा अनोळखी असेल तर मात्र त्याच्या कुठल्याच लिंकला हात लावू नका, खुशाल स्पॅम दाबा.