‘शेअर’चे बटण आणि आपला वाचक

आवडलेल्या लेखाचे कात्रण पाकिटात घालून आप्तस्वकीयांना पाठविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. संकेतस्थळावरील लेखाखाली दिसणारे फेसबुक, एक्स (पूर्वीचे ट्विटर) वा व्हॉट्सअ‍ॅपचे छोटे बटण हे त्या कात्रणाचेच आजचे रूप होय. संस्था, मंडळे व लहान नियतकालिके यांची संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांचा असा समज असतो की, जितकी बटणे अधिक तितके वाचक अधिक. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

ब्रिटिश शासनाने आपल्या ‘गव्ह डॉट यूके’ या संकेतस्थळावर अशी बटणे बसविली आणि पहिल्या दहा आठवड्यांचा हिशेब २०१४ साली प्रसिद्ध केला. दर हजार वेळा पान उघडले गेले, तेव्हा बटण जेमतेम दोन वेळा वापरले गेले होते. मग लेख एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही काय? जातो, परंतु बहुधा पत्ता नकलून, खासगी संदेशातून वा ई-मेलमधून. अमेरिकन पत्रकार अलेक्सिस मॅड्रिगल यांनी २०१२ साली या अदृश्य देवघेवीला ‘डार्क सोशल’ असे नाव दिले. ‘द अटलांटिक’ या त्यांच्या नियतकालिकाकडे परस्परांच्या शिफारशीने येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक वाचक याच वाटेने येत होते. शिवाय पाठविलेले वाचले जातेच असेही नाही. पाच मोठ्या वृत्तसंस्थांच्या ट्विटरवर फिरलेल्या दुव्यांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ५९ टक्के दुवे कोणी एकदाही उघडले नव्हते.

याहून गंभीर बाब वाचकाच्या नजरेआड घडते. बटणे दोन प्रकारची असतात. एक निव्वळ दुवा असतो. वाचकाने बोट ठेवेपर्यंत तो निपचित असतो. दुसऱ्या प्रकारात त्या कंपनीने दिलेली आज्ञावली आपल्या पानात बसवावी लागते. पान उघडताक्षणी ती कंपनीच्या संगणकाशी बोलू लागते. वाचकाने कोणते पान उघडले, कोणत्या इंटरनेट पत्त्यावरून उघडले, ही माहिती बटणाला स्पर्श न करताही तिकडे पोहोचते. वाचकाच्या यंत्रात त्या कंपनीची ‘कुकी’ आधीपासून असेल, तर त्याची ओळखही पटू शकते. आजार, कर्ज वा कौटुंबिक कलह यांविषयीचा लेख एखादा मनुष्य एकांतात वाचतो, तेव्हा त्याच्या खांद्यावरून डोकावणाऱ्याला आपणच घरात घेतलेले असते!

जर्मनीतील ‘हाइझे’ या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्येच यावर तोड काढली. त्यांच्या पानावरील बटण प्रथम निद्रिस्त असे. पहिल्या क्लिकने ते जागे होई व दुसऱ्या क्लिकने काम करी. पुढे ‘फॅशन आयडी’ या जर्मन वस्त्रविक्रेत्याच्या फेसबुक ‘लाइक’ बटणावरून चाललेल्या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २९ जुलै २०१९ रोजी निर्णय दिला. माहिती गोळा करून ती फेसबुककडे पाठविण्यापुरती जबाबदारी संकेतस्थळाच्या चालकावरही आहे, असे न्यायालयाने ठरविले. ‘बटण आमचे नव्हे’ ही सबब तेथे टिकली नाही.

परावलंबनाचा धोका आहे तो वेगळाच. ट्विटरने २०१५ साली बटणाशेजारचा आकडा बंद केला. अनेक बटणे एकत्र पुरविणारी ‘अ‍ॅडधिस’ ही सेवा २०२३ मध्ये बंद पडली.

तेव्हा साधे दुवे वापरावेत, तेही दोन-तीनच. मराठी वाचकासाठी व्हॉट्सअ‍ॅप व ई-मेल बहुधा पुरेसे ठरतात. त्यांचे स्थान लेखाच्या शेवटी असावे, कारण वाचून झाल्यावरच मनुष्याला ‘हे अमक्याला पाठवावे’ असे वाटते. मराठी संकेतस्थळांची एक अडचण मात्र क्वचितच कोणी ध्यानात घेतो. लेखाच्या पत्त्यात देवनागरी शीर्षक असले की नक्कल करताना एकेका अक्षरचिन्हाची नऊ-नऊ रोमन चिन्हे होऊ शकतात, आणि संदेशात ओळीच्या ओळी भरणारी निरर्थक माळ उमटते. असा दुवा उघडण्यास कोण धजावेल? पत्ता आखूड, रोमन वा अंकांतच ठेवावा.

पुढे पाठविणे सुलभ असावे, पण किती? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. देशभरातील अशा हत्यांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा घालण्याचे आणि छायाचित्र-चित्रफितींशेजारचे झटपट पाठविण्याचे बटण काढून टाकण्याचे जाहीर केले. बटणाच्या सुलभतेला तिच्या निर्मात्यांनीच लगाम घातला.

फिरत्या मजकुराचे मूळ व काळ हरवतो, हे त्या अफवांचे एक लक्षण होते. दुवा संदेशात पडताच दिसणारे शीर्षक, चित्र आणि दोन ओळींचा सारांश हे संपादकाच्या हाती असतात. पानाच्या मथळ्यातील अदृश्य खुणांत ते लिहून ठेवता येतात. त्या दोन ओळींतच संस्थेचे नाव व लेखाचा दिनांक घालावा. मग तीन वर्षांपूर्वीची वादळाची सूचना आजची म्हणून कोणाच्या घरी पोहोचली, तरी ती उघडण्याआधीच तिचे वय दिसेल.