पडद्यावरची शर्यत आणि घड्याळातली शर्यत

हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. शाळेच्या मैदानावर टेपने ५० मीटर अंतर मोजा. दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारा आणि एका मित्राच्या हाती स्टॉपवॉच द्या. आता एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत नेहमीच्या चालीने जा. धावू नका. बहुतेकांना ३५ ते ४० सेकंद लागतील.

आता हा आकडा पाहा : ३७.३३ सेकंद. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील एका तरुणाने ५० मीटर अंतर एवढ्या वेळात पोहून पार केले. तो जागतिक विक्रम ठरला आणि भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या तरुणाचे नाव मुरलीकांत पेटकर.

“एवढेच? आम्ही तर तेवढ्या वेळात चालत जातो!” असे तुमच्या मनात आले असेल. येऊ द्या. त्या ‘एवढेच’चे उत्तर भौतिकशास्त्र देईल. पण त्याआधी एका चित्रपटाविषयी बोलू या.

जून २०२४ मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक कबीर खान. पेटकरांची भूमिका कार्तिक आर्यन याने केली. आपल्या भागात तो अनेकांनी पाहिला आणि मग वर्गावर्गांतून एकच प्रश्न येऊ लागला : “सर, हे सगळे खरेच असे घडले का?” प्रश्न उत्तम आहे. मात्र त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्या एका शब्दात देता येत नाही. खरे-खोटे वेगळे करण्यासाठी चाळणी लागते, आणि ती तुमच्याजवळच आहे.

चोवीस तास आखडले, सदतीस सेकंद ताणले

शर्यतीवरचा चित्रपट काढणाऱ्याची पहिली अडचण म्हणजे वेळ. परदेशातले एक उदाहरण घ्या. फ्रान्समधील ल मॉं येथे मोटारींची शर्यत सलग २४ तास चालते. तेथील १९६६ च्या शर्यतीवर २०१९ साली ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ हा चित्रपट आला. खऱ्या शर्यतीत विजयी मोटारीने ३६० फेऱ्या, म्हणजे सुमारे ४,८४३ किलोमीटर अंतर कापले. सरासरी वेग ताशी सुमारे २०२ किलोमीटर. हे सारे चित्रपटात काही मिनिटांत आटोपावे लागते. त्यासाठी प्रसंग गाळले जातात, काही नवे घातलेही जातात. चित्रपटात एन्झो फेरारी स्वतः शर्यत पाहायला हजर आहेत. प्रत्यक्षात ते त्या दिवशी तेथे नव्हतेच.

पण त्याच शर्यतीचा शेवट मात्र विलक्षण असूनही खरा आहे. फोर्डच्या मोटारींनी जवळजवळ बरोबरीने अंतिम रेषा ओलांडली, आणि पंचांनी केन माइल्सच्या नव्हे, तर मॅक्लॅरन आणि एमन यांच्या मोटारीला विजयी ठरवले. का? कारण सुरुवातीला ती मोटार काही मीटर मागे उभी होती. शेवट एकाच रेषेवर झाला, तर मागून निघालेल्या मोटारीने तेवढेच अंतर जास्त कापलेले असणार! चोवीस तासांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याचे स्थान महत्त्वाचे नव्हते. कापलेले अंतर महत्त्वाचे होते. म्हणजे पाहा, अविश्वसनीय वाटणारी गोष्ट खरी निघाली आणि सहज पटणारी गोष्ट खोटी. तेव्हा ‘पटते की नाही’ ही चाळणी कामाची नाही.

पेटकरांच्या चित्रपटाची अडचण बरोबर उलटी आहे. येथे शर्यत अवघी सदतीस सेकंदांची. तेवढ्यात प्रेक्षकाला श्वास रोखायला तरी सवड मिळेल का? म्हणून अशा शर्यती पडद्यावर ताणल्या जातात. हात पाण्यात शिरतो, चेहरा दिसतो, प्रेक्षक दिसतात, पुन्हा हात दिसतो. आणि मधूनमधून सारे संथपणे चालते. यालाच मंदगती चित्रण म्हणतात. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने दाखवला जातो. चित्रीकरण करताना सेकंदाला ९६ चित्रे घेतली आणि ती २४ च्या गतीने दाखवली, तर एका सेकंदाचे चार सेकंद होतात. या हिशेबाने ३७.३३ सेकंदांची शर्यत जवळजवळ अडीच मिनिटे चालेल.

याच चित्रपटात युद्धाचा सुमारे आठ मिनिटांचा एक प्रसंग सलग एकाच दृश्यासारखा दाखवला आहे. असे दृश्य मध्ये न तोडता आणि नेहमीच्या गतीने दाखवले, तर पडद्यावरचे घड्याळ आणि तुमच्या मनगटावरचे घड्याळ बरोबरीने चालतात. एकाच चित्रपटात काळ कोठे खरा चालतो, तर कोठे रबरासारखा ताणला जातो.

थेंबाचे घड्याळ

काळ किती ताणला हे आपल्याला मोजता येईल का? येईल. गुरुत्वाकर्षण दिग्दर्शकाचे ऐकत नाही!

पोहणाऱ्याच्या हाताने उडालेला एखादा थेंब निवडा. तो सर्वांत उंच पोहोचतो, क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि खाली पडतो. त्या सर्वोच्च बिंदूपासून पाण्यापर्यंतचे अंतर अंदाजा. मापासाठी पोहणाऱ्याचाच हात घ्या. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचा हात सुमारे ४५ सेंटिमीटर असतो. समजा, थेंब तेवढाच खाली पडला. स्थिर अवस्थेतून पडणाऱ्या वस्तूचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे : अंतर = १/२ × गुरुत्वत्वरण × वेळेचा वर्ग. अंतर ०.४५ मीटर आणि त्वरण ९.८ घातले, की वेळ सुमारे ०.३ सेकंद येते.

पडद्यावर त्याच थेंबाला १.२ सेकंद लागले, तर काळ चारपट ताणलेला आहे. इतकी लहान वेळ स्टॉपवॉचने नीट मोजता येणार नाही, कारण बटन दाबेपर्यंतच सेकंदाचा पाचवा हिस्सा निघून जातो. त्याऐवजी दृश्य थांबवून एकेक चित्र पुढे सरकवा आणि चित्रे मोजा. नेहमीच्या गतीत थेंब ७ चित्रांत खाली येईल. चारपट मंद गतीत त्याला २९ चित्रे लागतील.

तारखांची चाळणी

आता इतिहासाकडे वळू. पेटकरांचा जन्म १९४४ चा, वाळवा तालुक्यातील पेठ-इस्लामपूरचा. चित्रपटात लहानगा मुरली खाशाबा जाधवांचे जंगी स्वागत पाहतो आणि ऑलिंपिक पदकाचे स्वप्न धरतो. खाशाबा सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परतले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्या वेळी मुरलीकांत सात वर्षांचे होते आणि त्यांचे गाव कराडपासून फार लांब नव्हते. वय जुळते, ठिकाण जुळते. यावरून काय सिद्ध झाले? प्रसंग अशक्य नाही, एवढेच. शक्य असणे आणि घडलेले असणे यांतला फरक प्रयोगवहीत तुम्ही नेहमी पाळता. तो येथेही पाळा.

दुसरी तारीख अधिक महत्त्वाची आहे. १९७२ आणि जर्मनी म्हटले, की म्युनिक ऑलिंपिक आठवते, आणि तेथील इस्रायली खेळाडूंचे हत्याकांडही. पेटकरांची हकीकत सांगताना ते बऱ्याचदा जोडले जाते. आता तारखा मांडा. अपंग खेळाडूंच्या हायडेलबर्ग येथील स्पर्धा २ ऑगस्टला सुरू झाल्या आणि ११ ऑगस्टला संपल्या. म्युनिक ऑलिंपिक सुरू झाले २६ ऑगस्टला, आणि हल्ला झाला ५ सप्टेंबरला. म्हणजे पेटकरांची स्पर्धा संपून तीन आठवडे उलटले, तेव्हा कोठे हल्ला झाला. या स्पर्धाही आधी म्युनिकलाच व्हायच्या होत्या. पण तेथील क्रीडाग्रामाच्या इमारतींचे रहिवासी घरांत रूपांतर करायचे असल्याने त्या हायडेलबर्ग विद्यापीठाकडे गेल्या.

तिसरी चाळणी नियमांची. पेटकरांनी युद्धात हात गमावला असे काही ठिकाणी छापून आले आहे. हे तपासायला त्यांचे छायाचित्र पुरेसे आहे, पण नियमही तेच सांगतात. डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४८ साली या स्पर्धांची सुरुवात केली, ती पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी. १९७२ पर्यंत पदकांच्या स्पर्धा कण्याच्या इजेने अधू झालेल्यांसाठीच होत्या. हात किंवा पाय गमावलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये, टोरांटोला. पेटकर मूळचे सैन्याच्या ‘ईएमई’ दलातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कण्याला इजा झाल्यामुळे कमरेखालचे शरीर लुळे पडले. हात शाबूत होते. आणि तेच त्यांचे वल्हे झाले.

‘एवढेच’चे उत्तर

आता आपल्या प्रयोगाकडे परत येऊ. ५० मीटरला ३७.३३ ने भागा : सेकंदाला १.३४ मीटर, म्हणजे ताशी ४.८ किलोमीटर. अगदी चालण्याचा वेग! पण कमरेइतक्या पाण्यात चालून पाहिलेत, तर तेवढा वेग गाठताना दमछाक होते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग फक्त दहा टक्के वाढवायचा, तर १.१ × १.१ × १.१, म्हणजे शक्ती सुमारे ३३ टक्के जास्त हवी. म्हणूनच पाण्यात माणूस फार वेगवान होऊ शकत नाही. त्याच वर्षी म्युनिकला मार्क स्पिट्झने १०० मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. तो वेगही ताशी सात किलोमीटरच भरतो.

स्पिट्झचे पाय पाणी मारत होते. पायांच्या हालचालीने पुढे जाण्यास थोडी मदत होतेच, पण त्याहून मोठे काम म्हणजे शरीर पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवे राहते. पाय लुळे असले, की ते खाली बुडू लागतात. मग शरीराचा अधिक मोठा भाग पाण्याला सामोरा येतो आणि विरोध वाढतो. समोर येणारे क्षेत्रफळ दीडपट झाले, तर त्याच वेगासाठी शक्तीही सुमारे दीडपट लागणार, आणि ती सारी दोन हातांनी व खांद्यांनी पुरवायची! या हिशेबात ३७.३३ हा आकडा बसवून पाहा. आता कोणी ‘एवढेच’ म्हणेल?

मंदगतीचे चित्रण आणि पार्श्वसंगीत यांनी जो परिणाम साधावा लागतो, तो या साध्या गणितातच आहे. चित्रपटाने काळ ताणला म्हणून रागावण्याचे कारण नाही. पण आकडा माहीत नसेल, तर आपल्या लक्षात फक्त संगीत राहील.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पेटकर हायडेलबर्गला एकदम पोहोचले नाहीत. उपचारांचा भाग म्हणून पोहणे सुरू झाले. १९६८ साली ते तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांच्या प्रवासाला मदत केली. हायडेलबर्गलाही ते केवळ पोहले नाहीत. भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या अडथळ्यांच्या शर्यतीतही उतरले. यांतले चित्रपटात किती आले, किती गाळले आणि किती एकत्र केले, याचा तक्ता शिक्षकांनी वर्गात जरूर करून घ्यावा. तीन रकाने पुरेत : पडद्यावर काय दिसले, नोंद काय सांगते, नोंद कोठे मिळाली.

तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी. पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चित्रपट येऊन गेल्यावर. हायडेलबर्गनंतर तब्बल ५२ वर्षांनी! या सगळ्या काळात स्पर्धेच्या निकालपत्रात त्यांचे नाव, प्रकार आणि वेळ लिहिलेली होतीच. ते पान कोणी उघडून पाहिले नव्हते.

तुमच्या गावातही असे एखादे पान असेल : तालमीच्या भिंतीवरचा फलक, शाळेची जुनी क्रीडानोंद, आजोबांच्या पेटीतले प्रमाणपत्र. सुटीत ते शोधा. नाव, दिनांक आणि आकडा वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या, आणि त्या आकड्यामागचे गणित करून पाहा.