भूपट्टाच्या कडेवर नसलेले भूकंप

पृथ्वीचे बाह्य कवच अखंड नाही. सात मोठ्या आणि बऱ्याच लहान भूपट्टांत ते विभागलेले आहे आणि हे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकत असतात. सरकताना त्यांच्या कडा एकमेकींत अडकतात, खडकांत ताण साठत जातो आणि तो सोसेनासा झाला की प्रस्तरभंगाच्या रेषेवर खडक झटक्यात घसरतो. घसरण जिथे सुरू होते ती भूकंपनाभी. तिच्या बरोबर वर भूपृष्ठावर असते ते अपिकेंद्र. जगातले बहुतेक भूकंप अशा कडांवरच होतात. त्यामुळे शाळेच्या भूगोलातल्या नकाशात प्रशांत महासागराभोवतीचे कडे आणि हिमालयाचा पट्टा ठिपक्यांनी भरलेला दिसतो, तर महाराष्ट्र जवळजवळ कोरा राहतो.

हा नकाशा चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

खंडे सरकतात, ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. खंडांना ढकलणारे बळ कोणते, याचे पटणारे उत्तर त्याच्यापाशी नव्हते आणि भूवैज्ञानिकांनी त्याला फारसे उभे केले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्याचा मृत्यू झाला. सागरतळाचा अभ्यास झाल्यावर १९६०च्या दशकात चित्र पालटले. मध्य महासागरी पर्वतरांगांपाशी नवा सागरतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो, हे खडकांतल्या चुंबकीय नोंदींवरून दिसून आले. डॅन मॅकेन्झी आणि रॉबर्ट पार्कर यांचा भूपट्टांच्या हालचालींचे गणित मांडणारा महत्त्वाचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये छापून आला तो डिसेंबर १९६७ मध्ये. त्याच महिन्यात, ११ तारखेच्या पहाटे, कोयनानगर हादरले.

६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. भूपट्टाची कड तिथून शेकडो किलोमीटर दूर आहे. मात्र १०३ मीटर उंचीचे कोयना धरण अगदी जवळ होते आणि १९६२च्या सुमारास शिवसागर जलाशय भरू लागल्यापासून परिसरात लहान धक्के जाणवू लागले होते. धरण टिकले, पण त्याला तडे गेले. माथ्याच्या खाली ज्या पातळीवर मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, नेमके तिथेच ते पडले, आणि पुढे भिंतीला आधार देऊन ती बळकट करावी लागली.

धरणातल्या पाण्याच्या वजनाने भूकंप झाला, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. खोलवरच्या खडकांत मुळातच जो ताण असतो, त्यापुढे जलाशयाचा भार किरकोळ ठरतो. मोठे काम करते ते भेगांतून खाली झिरपणारे पाणी. पाण्याचा दाब वाढला की प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारे घर्षण कमी होते आणि आधीच निसटण्याच्या बेतात असलेला खडक निसटतो. ताण निसर्गाचा, निमित्त जलाशयाचे. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांत कोयनेचा भूकंप जगात सर्वांत मोठा मानला जातो. पावसाळ्यानंतर चढणारी आणि पुढे उतरणारी पाण्याची पातळी यांच्याशी तिथल्या धक्क्यांचे नाते अभ्यासकांनी वर्षानुवर्षे तपासले आहे. दक्षिणेला वारणा जलाशय भरल्यावर धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही पसरले.

अभ्यासासाठी कोयना जगभरात वाखाणली जाते, कारण इथले भूकंप साधारण २० गुणिले ३० किलोमीटरच्या मर्यादित टापूत आणि फार खोल नसलेल्या थरात होतात. गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेण्यात आली आणि या कामासाठी कराडला खास प्रयोगशाळा उभी राहिली. बोअरमधून वर आलेल्या खडकांच्या नमुन्यांनी एक गोष्ट नेमकी दाखवली. दख्खनचा काळा बेसॉल्ट इथे जेमतेम किलोमीटर-सव्वा किलोमीटर जाड आहे. त्याखाली कितीतरी प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक लागतो आणि भूकंपनाभी आहेत त्या याच खडकात. डोळ्यांना दिसणारा सह्याद्री म्हणजे भूकंपांवर पसरलेले झाकण आहे.

मग भूपट्टाच्या मधोमध ताण येतो कुठून? उत्तरेला भारतीय भूपट्ट युरेशियन भूपट्टावर दाबला जातो आहे, तर दक्षिणेला हिंदी महासागरातल्या पर्वतरांगेकडून त्याला रेटा बसतो. दोन्हीकडचा दाब संपूर्ण द्वीपकल्पात पोचतो आणि खडकातल्या जुन्या दुबळ्या रेषांवर साठत राहतो. फार हळू साठतो, म्हणून दोन मोठ्या भूकंपांमध्ये माणसांच्या आठवणीपलीकडचा काळ जातो.

किल्लारीत तेच झाले. अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून गावे झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. भूकंपनाभी इतकी उथळ होती की शेतांत जमीन फाटून उंचवटे आले. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे. आदल्या वर्षीही किल्लारीला धक्के बसत होते, पण मराठवाड्याची जमीन भूकंपाची आहे असे कोणाच्या मनातही नव्हते.

कोयना आणि किल्लारी यांच्या तीव्रतेत फरक नगण्य, मृतांच्या संख्येत मात्र कित्येक पटींचा. त्याचे मोठे कारण किल्लारीकडच्या घरांत सापडते. भिंती जाडजूड, ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा, दोहोंना बांधून ठेवणारे आरपार दगड क्वचितच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावे आणि पाऊस आत येऊ नये, म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती पडत असे आणि छताचे ओझे वाढत जाई. जमीन आडवी हलताच भिंतीचे दोन थर सुटले आणि माळवद खाली आले. सास्तूर आणि किल्लारी या गावांत बहुतेक माणसे अशा ढिगाऱ्यांखाली गेली.

त्या वेळच्या अधिकृत नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. २००२च्या सुधारणेत देशाच्या नकाशातून पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि लातूरचा हा पट्टा तिसऱ्या विभागात गेला.