वाहन रडार
वाहन रडार : पुढील वाहनाचे वा अडथळ्याचे अंतर, सापेक्ष वेग व दिशा मिलिमीटर तरंगांच्या साहाय्याने मोजणारे, मोटारगाडीवर बसविलेले उपकरण. १ ते १० मिमी. तरंगलांबीच्या (३०० ते ३० गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या) विद्युत् चुंबकीय तरंगांना मिलिमीटर तरंग म्हणतात. वाहनांसाठी प्रामुख्याने ७६ ते ८१ गिगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात. तरंगलांबी ४ मिमी.हूनही कमी असल्याने तळहातावर मावणाऱ्या आकाशकापासून (अँटेनापासून) पुरेशी अरुंद शलाका मिळते. शिवाय ६० गिगाहर्ट्झच्या आसपास ऑक्सिजनमुळे होणारे तीव्र शोषण या पट्ट्यात टळते.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९० नंतरच्या दशकात कलकत्त्यात सु. ५ मिमी. तरंगलांबीपर्यंतचे तरंग निर्माण करून त्यांचे परावर्तन, प्रणमन व ध्रुवण अभ्यासिले. पण सोयीस्कर व स्वस्त प्रेषक नसल्याने या तरंगांचा व्यवहारात उपयोग पुढे कित्येक दशके झाला नाही. जे. बी. गन यांनी १९६२ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारलेल्या डायोडामुळे लहान प्रेषक शक्य झाला. ७७ गिगाहर्ट्झ रडार असलेल्या मोटारगाड्या १९९८-९९ च्या सुमारास जर्मनीत बाजारात आल्या. पुढे सिलिकॉन-जर्मेनियमाच्या संकलित मंडलांमुळे किंमत उतरली. भारतात ७६–७७ गिगाहर्ट्झ पट्टा अल्पशक्ती रडारांसाठी २०१५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला.

कार्यपद्धती : प्रेषित तरंगाची कंप्रता काही दशक मायक्रोसेकंदांत एकसारखी वाढवीत नेतात. ५० मी.वरील वस्तूपासून प्रतिध्वनी परतण्यास मायक्रोसेकंदाचा सु. एक-तृतीयांश भाग लागतो. तेवढ्यात प्रेषित कंप्रता पुढे सरकलेली असते. या दोन कंप्रतांतील फरक अंतराच्या सम प्रमाणात असतो. १ गिगाहर्ट्झ पट्टारुंदी वापरल्यास १५ सेंमी. अंतरावरील दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतात. वेग डॉप्लर परिणामावरून कळतो : ताशी ७२ किमी. सापेक्ष वेगास सु. १० किलोहर्ट्झ इतका कंप्रताबदल होतो.

वनातील रस्ते : मोकळ्या महामार्गावर समाधानकारक ठरलेले हे उपकरण चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील रस्त्यांवर अडचणीत येते. चंद्रपूर–मूल किंवा आलापल्ली–सिरोंचा यांसारख्या मार्गांवर झाडी कडेपर्यंत येते. पाने मिलिमीटर तरंगांच्या तुलनेने मोठी असल्याने तरंगांचे प्रकीर्णन होते, आणि पावसाळ्यातील ओली पाने ते शोषूनही घेतात. बांबूच्या बेटाआड उभे चितळ रडारला दिसत नाही. ते रस्त्यावर आल्यावरच दिसते. ताशी ८० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीस चालकाच्या प्रतिक्रियेचा दीड सेकंद धरून थांबण्यास ७० मी.हून अधिक अंतर लागते. रडारने आपोआप ब्रेक लावल्यास यांतील प्रतिक्रियेचे सु. ३० मी. बरेचसे वाचतात, उरलेले ४० मी. मात्र वाचत नाहीत.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. रस्ता ओलांडणाऱ्या वाघाचा गाडीच्या दिशेने होणारा वेग जवळजवळ शून्य असतो. पावसाळ्याच्या रात्री डांबरावर बसलेल्या गुरांचा तर नसतोच. त्यामुळे डॉप्लर मापनात ही जनावरे कडेची झाडे, मैलाचे दगड व पुलांचे कठडे यांच्यातच मिसळतात. जुन्या वेगनियंत्रक रडारांत खोट्या इशाऱ्यांच्या भीतीने स्थिर वस्तू मुद्दामच गाळल्या जात. त्यातून प्राण्याचे परावर्तन क्षीण असते. परावर्ती क्षेत्र एक-षोडशांश झाल्यास वस्तू दिसण्याचे कमाल अंतर निम्म्यावर येते. ताशी ५० मिमी. पावसात क्षीणन दर किमी.स सु. १५ ते २० डेसिबल असते, १०० मी.वरील वस्तूचा प्रतिध्वनी त्याने निम्म्यावर किंवा त्याखाली येतो.

संशोधन : या विषयातील पीएच्.डी. प्रबंध बहुधा आकाशकांच्या मांडणीपासून किंवा मंडलरचनेपासून सुरू होतात व संकेत-संस्करणाशी येऊन थांबतात. अनेक प्रेषक व ग्राही एकत्र वापरून कोनीय विभेदन वाढविणे, तसेच पायांच्या हालचालींमुळे उमटणाऱ्या सूक्ष्म डॉप्लर खुणांवरून प्राणी व झुडूप यांत भेद करणे, हे त्यांतील प्रमुख विषय होत. चालणाऱ्या जनावरासाठी दुसरा मार्ग आशादायक आहे, बसलेल्या गाईसाठी नाही. तेथे उंचीचेही मापन करावे लागते. मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘समीर’ ही संस्था सूक्ष्मतरंग क्षेत्रात काम करते; वाहनांच्या चाचण्या पुण्याची ‘एआरएआय’ (स्थापना १९६६) घेते. ओळख पटविणाऱ्या संगणकीय पद्धतींना मात्र नमुन्यांच्या नोंदी लागतात, आणि खुल्या नोंदी बव्हंशी परदेशी शहरांतील रस्त्यांवरच्या आहेत. नीलगाय, रानडुक्कर, रस्त्यावरील गुरे यांच्या नोंदी येथील रस्त्यांवर, सर्व ऋतूंत, विशेषतः पानगळीनंतर व भर पावसात, घ्याव्या लागतात.