मुक्काम पोस्ट आसाकुसा

1990 च्या दशकात जपानमध्ये 'नारिता घटस्फोट' नावाच्या प्रकाराची बरीच चर्चा होती. परदेशात मधुचंद्र करून आलेलं जोडपं नारिता विमानतळावर उतरतं, पट्ट्यावरून आपापली बॅग उचलतं आणि तिथूनच दोघं दोन वाटांनी घरी जातात, असा तो प्रकार. 1997 मध्ये याच नावाची दूरचित्रवाणी मालिकाही आली. कारण सांगितलं जाई ते असं : नोकरी करणाऱ्या मुली लग्नाआधी मैत्रिणींबरोबर परदेश पाहून आलेल्या असत, नवरे मात्र ऑफिसातून उठून थेट बोहल्यावर चढलेले. परक्या शहरात जेवण, तिकीट, रस्ता यांतलं काहीच त्यांना सुधरत नसे आणि चार दिवसांत बायकोच्या डोळ्यांदेखत त्यांचं पितळ उघडं पडे. यात अतिशयोक्ती भरपूर असणार. मासिकांना आणि मालिकांना ती हवीच असते. तरी मुळातलं निरीक्षण बाजूला सारण्यासारखं नाही. चौघांच्या सहलीत तीन विरुद्ध एक असा कौल लागतो, टूर कंपनीबरोबर गेलं तर टूर मॅनेजर म्हणेल ते प्रमाण. दोघांच्या सहलीत मत एकास एक. कुठल्या दाराने बाहेर पडायचं, आता जेवायचं की तासाभराने, अजून एक देऊळ की खोलीवर परत, असले प्रश्न दिवसभर पडत राहतात आणि पाय दुखायला लागले की प्रत्येक प्रश्नाचा वाद होतो. म्हणून चार-पाच दिवसांसाठी टोकियोला निघालेल्या जोडप्याने 'काय काय पाहायचं' याची यादी सगळ्यात शेवटी करावी. आधी मुक्कामाचं स्टेशन ठरवावं, कारण या शहरात ते एक ठरलं की बाकीचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

हे टोकियोबद्दलच एवढं ठासून का म्हणायचं, ते नकाशा पाहिला की लक्षात येतं. बहुतेक जुन्या राजधान्यांत मधोमध चौक, राजवाडा, बाजार असतो आणि त्याच्या आसपास खोली घेतली की काम भागतं. टोकियोच्या मधोमध सम्राटाचा राजवाडा आहे, त्याभोवती खंदक आणि झाडी, आणि त्यातला मोठा भाग एरवी बंद. शहराची वस्ती, खरेदी, खाणंपिणं, सगळं या रिकाम्या मध्याभोवती कड्यासारखं पसरलेलं. ते कडं म्हणजे यामानोते लाईन : 34.5 किलोमीटर, 30 स्टेशनं, एका फेरीला साधारण तासभर. 1925 मध्ये हे वर्तुळ पूर्ण झालं. उपनगरांतून येणाऱ्या खासगी रेल्वे कंपन्यांना वर्तुळाच्या आत दीर्घकाळ शिरकाव मिळाला नाही, तेव्हा त्यांनी कड्यावरच आपली शेवटची स्टेशनं बांधली, स्टेशनांच्या डोक्यावर डिपार्टमेंट स्टोअर चढवली, आणि शिंजुकु, शिबुया, इकेबुकुरो ही एकेक स्वतंत्र शहरंच उभी राहिली. 'टोकियो पाहणं' म्हणजे अशा पाच-सहा शहरांतली एक-दोन पाहणं. सगळी पाहायची म्हटली तर दिवसाचा चांगला हिस्सा त्यांच्यामधल्या बोगद्यांत जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तिथल्या गाड्या सेकंदाबरहुकूम धावतात, अर्ध्या तासात कुठूनही कुठेही जाता येतं, मग कुठे राहतो याने काय बिघडतं? गाडी वेळेवर असते हे खरं. वेळ जातो तो गाडीच्या आधी आणि नंतर. शिंजुकुतून रोज पस्तीस लाखांच्या आसपास माणसं ये-जा करतात, जगातलं सर्वाधिक गर्दीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद आहे आणि त्याला बाहेर पडायचे रस्ते दोनशेहून अधिक आहेत. दादरच्या पुलावर लाइन बदलायची सवय असलेला मुंबईकरही तिथे चक्रावतो, कारण दादरला चुकलं तर आकाश दिसतं, इथे चुकलं तर आणखी एक तळघर. अंतर वीस मिनिटांचं असलं तरी चालणं, जिने, चुकीचं दार आणि परत फिरणं धरून पाऊण तास सहज जातो. दिवसात असे चार फेरे झाले की तीन तास गेले, आणि वर उल्लेख केलेले एकास एक वाद नेमके याच तीन तासांत होतात.

माझं मत आसाकुसाच्या बाजूने आहे, आणि त्याचं मुख्य कारण देऊळ नसून गिन्झा लाईन आहे. आशियातली ही पहिली भुयारी रेल्वे. 1927 च्या डिसेंबरात ती आसाकुसा ते उएनो एवढीच, 2.2 किलोमीटर, सुरू झाली. आज तिच्यावर 19 स्टेशनं आहेत. एका टोकाला आसाकुसा, दुसऱ्या टोकाला शिबुया, आणि मध्ये उएनो, निहोंबाशी, गिन्झा, ओमोतेसान्दो. म्हणजे जुन्या कारागिरांच्या वस्तीपासून झगमगत्या चौकापर्यंतचं शहर एका लाइनीवर, गाडी न बदलता, साधारण पस्तीस मिनिटांत. (शिबुया मुळात दरीत वसलेलं. जमिनीखालून येणारी ही गाडी तिथे पोहोचते तेव्हा रस्त्याच्या वर, पुलावर निघते.) शिवाय आसाकुसातून जाणारी दुसरी भुयारी लाइन, जिचं नावच आसाकुसा लाइन, दोन्ही बाजूंनी खासगी रेल्वेंना जोडलेली आहे. 1960 मध्ये टोकियोत पहिल्यांदा खासगी कंपनीच्या गाड्या थेट भुयारी मार्गावर आल्या त्या इथेच. त्यामुळे नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांवरून आसाकुसाला थेट गाड्या येतात. रात्रभराच्या प्रवासानंतर दोन मोठ्या बॅगा घेऊन गाडी बदलावी लागत नाही, याची किंमत येनमध्ये सांगता येणार नाही.

मुक्काम जवळ असण्याचा दुसरा फायदा घड्याळाचा. सेन्सो-जी हे टोकियोतलं सर्वांत जुनं देवस्थान. परंपरा सांगते की 628 मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तोच. 1945 च्या मार्चमधल्या बॉम्बहल्ल्यात मुख्य देऊळ जळालं, आजचं काँक्रीटचं 1958 सालचं आहे. दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि यादी घेऊन शिंजुकुहून येणारा नेमका दुपारीच पोहोचतो. देऊळ मात्र हिवाळ्यात सकाळी साडेसहाला उघडतं, आवार रात्रभर मोकळं असतं. पाच मिनिटांवर राहणाऱ्याला ते दिवसाच्या दोन्ही टोकांना पाहता येतं : दुकानांची शटरं पडलेली, उदबत्तीच्या मोठ्या कुंडापाशी एखाद-दुसरी आजी, झोपण्याआधी कुत्र्याला फिरवायला आलेला शेजारी. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना तर हे फारच लागू आहे. टोकियो जपानच्या प्रमाणवेळेच्या पूर्वेच्या अंगाला आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, महिनाअखेरीस साडेचारलाच. शिंजुकु ग्योएनसारखी बाग हिवाळ्यात साडेचारला बंद होते, मेइजी देवस्थानाचे दरवाजे सूर्यास्ताला लागतात. न्याहारी करून दहाला निघणाऱ्याच्या पदरात उजेडाचे सहा-साडेसहा तास पडतात. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद, तो हिशेब वेगळा.

आता यादीवाले विचारतील, की मग पाहायचं काय? एका दिवसाचा नमुना घ्या. निप्पोरी स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की यानाका लागतं. 1923 चा भूकंप आणि 1945 चे बॉम्बहल्ले या दोन्हींतून शहराचे जे थोडे भाग बचावले त्यांपैकी हा एक. बुटकी लाकडी घरं, लागून लागून देवळं, आणि 'युयाके दान्दान' नावाच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की जेमतेम पावणेदोनशे मीटरची बाजारगल्ली : चहाचं दुकान, माशांचं दुकान, बांबूच्या टोपल्या, तळलेल्या कटलेटसमोर रांग. तिथून नेझुचं देवस्थान, 1706 मधल्या मूळ वास्तूंसह उभं. पुढे शिनोबाझु तळं आणि उएनोची बाग. बागेत 1872 ला सुरू झालेलं राष्ट्रीय संग्रहालय, आणि पलीकडे वास्तुविशारद ल कोर्बुझिएचं पाश्चात्त्य कला संग्रहालय. 2016 मध्ये त्याच्या ज्या 17 वास्तूंना युनेस्कोने एकत्र जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत हे आहे आणि आपलं चंदीगडही. बागेतल्या प्राणिसंग्रहालयाला आपल्या इतिहासाचा आणखी एक धागा आहे. युद्धकाळात, 1943 मध्ये, इथले हत्ती वरून आलेल्या हुकमानुसार उपाशी ठेवून मारले गेले. युद्धानंतर टोकियोच्या मुलांनी हत्ती मागितला तेव्हा 1949 मध्ये नेहरूंनी एक हत्तीण पाठवली. तिचं नाव इंदिरा, ती 1983 पर्यंत तिथे होती. संध्याकाळी रुळांखालचा आमेयोको बाजार. हे सगळं पायी आहे आणि दिवसभरात स्टेशनात एकदाच जावं लागतं. ज्याला संग्रहालयात रस नाही त्याने त्या दोन तासांत तळ्याकाठी बसावं किंवा काप्पाबाशीच्या भांडीबाजारात सुऱ्या पाहाव्यात. अंतरं पायी जाण्याजोगी असली की जोडप्याला वेगळं होऊन पुन्हा भेटताही येतं. शहराच्या दोन टोकांना असं जमत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप क्योतोचा. एवढे पैसे घालून जपानला जायचं आणि क्योतो, ओसाका, फुजी न पाहता यायचं? आपल्याकडच्या जाहिरातींतल्या सहा-सात दिवसांच्या सहली याच भीतीवर चालतात. हिशेब मांडून पाहा. टोकियो-क्योतो वेगवान गाडीला सव्वादोन तास, जाऊन-येऊन भाडं माणशी सुमारे 28 हजार येन. पूर्वी यावर रेल्वे पासचा तोडगा होता, पण ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत 29,650 वरून 50,000 येन झाली, त्यामुळे एका क्योतोवारीसाठी तो परवडत नाही. खोली बदलली की सकाळी दहा-अकराला एक सोडायची, दुपारी तीनला दुसरी मिळणार. मधला वेळ बॅगांच्या लॉकरभोवती. पाच दिवसांतला एक पूर्ण दिवस यात गेला, तर क्योतो दीड दिवसाचं उरतं, आणि दीड दिवसाचं क्योतो म्हणजे दुपारच्या गर्दीतली तीन देवळं. आठ-नऊ दिवस असतील तर जरूर जावं, तेव्हा माझा विरोध नाही. पाचच असतील आणि शहराबाहेर पडायचंच असेल, तर निक्को आहे. तोबू कंपनीची गाडी आसाकुसातूनच सुटते आणि दोन तासांच्या आत पोहोचवते. शोगुन इएयासु तोकुगावाची समाधी, देवदारांची रांग, आणि एका तबेल्याच्या भिंतीवर कोरलेली ती तीन माकडं, जी आपण गांधीजींची म्हणून ओळखतो. संध्याकाळी परत आपल्याच खोलीत. फुजीचं म्हणाल तर तो ढगाआड गेला की दिवस गेला.

खोलीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण 'दोघांची खोली' या शब्दांत तिथे बरंच काही दडलेलं असतं. बिझनेस हॉटेलातली डबल खोली म्हणजे बऱ्याचदा 140 सेंटिमीटरचा पलंग, सेमी-डबल म्हणजे 120 चा, आणि उरलेल्या जागेत एका वेळी एकच बॅग उघडते. प्रेम कितीही असो, ट्विन घ्यावी. र्योकान या पारंपरिक निवासगृहांचे दर बहुधा माणशी असतात, खोलीमागे नाही. आणि गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात पुरुष-बायका वेगळे, तेव्हा एकत्र जायचं असेल तर तासाने मिळणारं खासगी न्हाणीघर आधी विचारून ठेवावं. खाण्याच्या बाबतीत मात्र दोघं असणं हे टोकियोत भाग्यच. आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर हेच जिथे अख्खं हॉटेल, तिथे सहा जणांना दारातूनच नकार मिळतो, दोघांना कडेला सरकवून घेतात.

शाकाहाऱ्यांची अडचण खरी आहे आणि ती गोड बोलून मिटवण्यात अर्थ नाही. उदोन, सोबा, मिसो सूप, दिसायला निरुपद्रवी असलेली भाजी, या सगळ्यांच्या बुडाशी सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं, आणि स्वयंपाक्याच्या लेखी तो 'मासा' नसून चव असते. बौद्ध मठांचं शोजिन र्योरी खरोखर शाकाहारी, पण महाग आणि आधी सांगून मिळणारं. घरच्यासारखं जेवण हवंच असेल तर निहोंबाशीला तोझाई लाइन पकडून निशि-कासाईला जावं. एदोगावा वॉर्डातल्या या भागात 2000 च्या आसपासपासून भारतीय आयटीवाल्यांची वस्ती वाढली, आणि 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाला तिथल्या मतदारांनी वॉर्डाच्या सभेवर निवडून दिलं. जोडप्यात एक शाकाहारी आणि एक मासेखाऊ असेल, तर एका संध्याकाळी इकडे, दुसऱ्या संध्याकाळी तिकडे, असा करार विमानात बसण्याआधीच करावा.

राहिला तरुणांचा आक्षेप : आसाकुसा लवकर झोपतं, खरी रात्र शिंजुकु-शिबुयात. बरोबर आहे. शेवटची गाडी मध्यरात्रीच्या सुमारास जाते आणि पहाटे पाचच्या आसपासपर्यंत पुन्हा गाडी नाही. शिंजुकुतल्या 'गोल्डन गाई' या गल्ल्यांमधल्या पाच-सहा खुर्च्यांच्या बारमध्ये बसलेल्याने आसाकुसातली खोली घेतली असेल तर साडेअकरापासून त्याचं लक्ष घड्याळाकडे, नाहीतर टॅक्सीच्या मीटरकडे. ज्या दोघांची सहल रात्रीची आहे, त्यांनी शिंजुकुतच खोली घ्यावी, सकाळी अकरापर्यंत झोपावं, मेइजी देवस्थानाचं जंगल दुपारी पाहावं. 1920 मध्ये देशभरातून आलेल्या सुमारे एक लाख झाडांनी उभारलेलं आणि पुढच्या दीडशे वर्षांचा विचार करून आखलेलं हे जंगल शहराच्या त्याच बाजूला आहे. मग सेन्सो-जी, यानाका आणि निक्को सरळ सोडून द्यावं. मुक्काम शिंजुकुत आणि यादी आसाकुसाची, एवढं मात्र करू नये.