बाकावर कोणाला जागा मिळाली?

पारोळा, एरंडोल, अमळनेर या खानदेशातल्या आमच्या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच. त्यामुळे ख्रिस्ती शाळा म्हटले की इथल्या पालकाच्या डोळ्यांसमोर येते ती मोठ्या शहरातली, टाय-बूटवाली, भरमसाट फीची इंग्रजी शाळा. याच खानदेशाच्या पश्चिम टोकाला, नवापूर-नंदुरबारकडे, चित्र अगदी वेगळे आहे. तिथे मिशनची शाळा म्हणजे भिल्ल, मावची, गावित मुलांची शाळा आणि तिच्याशेजारची बोर्डिंग. धर्मश्रद्धेने शिक्षणाला काय दिले, हे पाहायचे तर प्रार्थना कोणती म्हटली जाते एवढेच विचारून भागत नाही. बाकावर कोणाला जागा मिळाली, हे आधी विचारावे लागते.

ही गोष्ट तशी जुनी आहे. इंग्रज अंमलाच्या कितीतरी आधी, 1616 साली, गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. ओवीच्या वळणाने बायबलची कथा सांगणारा हा परदेशी माणूस आधी मराठीचा विद्यार्थी झाला होता. पुढे विल्यम कॅरी यांनी 1805 साली बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण काढले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली आला आणि आजही मराठीचा अभ्यासक त्याच्याकडे वळतो. धर्म सांगायचा तर लोकांची भाषा यायला हवी, आणि धर्मग्रंथ लोकांच्या हाती द्यायचा तर लोकांना वाचता यायला हवे. मिशनऱ्यांच्या श्रद्धेतच शाळेची गरज होती. म्हणून अमेरिकन मराठी मिशन 1813 साली मुंबईत आले आणि दोनच वर्षांत त्याने शाळा काढली. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार 1827 साली आल्या आणि मुलींच्या शाळांना त्यांनी आयुष्य वाहिले. 1829 साली मार्गारेट विल्सन यांनीही मुंबईत मुलींना शिकवायला सुरुवात केली.

या शाळांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. 1839 साली जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी धर्मांतर केले आणि मुंबईत केवढे वादळ उठले! पालकांनी मुले काढून घेतली. 1843 साली नारायण शेषाद्रीने बाप्तिस्मा घेतला. त्याच्याबरोबर मिशनऱ्यांकडे राहिलेला धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. पालकांची भीती खरी होती, तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. शिकण्याच्या मोबदल्यात श्रद्धा मागणे मला आजही गैर वाटते, मग मागणारा कोणत्याही धर्माचा असो.

पण शाळा काढणाऱ्याचा हेतू आणि शिकणाऱ्याने केलेले शिक्षणाचे चीज या दोन वेगळ्या गोष्टी. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. नगरला फॅरारबाईंची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि 1848 साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. ते ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनरी शाळेतून त्यांनी समतेचा विचार उचलला, तो स्वतःच्या बुद्धीवर घासून पाहिला आणि 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी ठेवली. मिशनऱ्यांच्या हिशेबात फुले जमा झाले नसतील. महाराष्ट्राच्या हिशेबात मात्र त्या शाळेचे एवढे मोठे फळ दुसरे नाही.

पंडिता रमाबाईंपाशी थोडे थांबायला हवे. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण विचार करायचे सोडले नाही. बाईने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे चर्चच्या वरिष्ठांचे म्हणणे आले, तेव्हा त्यांनी पत्रांतून त्याला ठामपणे उत्तर दिले. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघाले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. सदन पुण्याला हलल्यावर 1893 साली मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली नेल्या. त्याच साली कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि 1896 साली विधवांसाठी आश्रम काढला.

रमाबाई पुढे केडगावला गेल्या. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली-बायका त्यांनी तिथे आणल्या. तिथल्या मुक्ती सदनात छापखाना होता आणि खिळे जुळवण्यापासूनची कामे बायका करत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कमी शिकलेल्या बाईलाही समजेल अशा मराठीत सगळे बायबल आणायचे, हा त्यांचा ध्यास होता आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत त्या या कामाला जुंपलेल्या होत्या. समाजाने टाकलेली बाई पोथीचे टाइप जुळवते आहे, प्रुफे वाचते आहे, हे त्या काळच्या महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे दिसले असते?

खानदेशातली कहाणी एवढी गाजली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन वंशाच्या मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात ठाणी उभारली. शाळा झाल्या, बोर्डिंग झाल्या, 1942 साली चिंचपाड्याला दवाखाना झाला. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल आजही चालू आहे. यातली बोर्डिंग मला सगळ्यात मोलाची वाटते. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघाले की पोर बैलगाडीत बसते आणि शाळा सुटते. त्याला गावात ठेवायचे तर दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि रात्री लक्ष देणारे माणूस लागते. नुसती शाळेची इमारत बांधून हे होत नाही. अलीकडे मावची आणि अहिराणी बोलींत नवा करारही आला आहे. शाळेत जी बोली बोलल्यावर छडी बसायची, ती छापील पुस्तकात पाहताना इथल्या माणसाला काय वाटत असेल, हे अहिराणी बोलणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आता शहरांकडे वळतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून वगळले. त्यामुळे दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याचे बंधन त्यांच्यावर राहिले नाही. संस्था चालवण्याचे स्वातंत्र्य त्यांना असावे, याबद्दल माझे दुमत नाही. पण फॅरारबाई आणि रमाबाई कोणत्या कायद्याच्या सक्तीने शिकवत होत्या? संतांची नावे लावणाऱ्या शाळांच्या चालकांना म्हणूनच कळकळीची विनंती आहे: येत्या जूनमध्ये प्रवेश देताना ऊसतोड कामगारांच्या, भिल्ल वस्तीतल्या मुलांसाठी काही जागा आपणहून ठेवा, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करा आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काहीही मागू नका.