जुन्या पिकअपचा क्लच : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय पाहावे?

ऐन टोमॅटो तोडणीच्या हंगामात पिकअपचा गिअर पडेनासा झाला, की पहिला सल्ला मिळतो क्लचप्लेट बदलण्याचा. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी जाते आणि माल बांधावरच राहतो. दोष मात्र अनेकदा बाहेरच असतो.

क्लच हायड्रॉलिक असेल तर आधी ऑइलची टाकी पाहावी. पातळी उतरली असल्यास गळती शोधावी. केबिनमध्ये पेडलच्या वर, मास्टर सिलिंडरमध्ये दांडा शिरतो तिथे बोट फिरवावे. मग गाडीखाली स्लेव्ह सिलिंडरचे रबरी बूट सारून पाहावे. ओल असेल तर तो सिलिंडर दुरुस्त करावा किंवा बदलावा. पेडल मऊ लागते आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावरच गिअर पडतो, तेव्हा लाइनमध्ये हवा शिरलेली असते. गळती न थांबवता नुसती एअर काढली, तर तक्रार पुन्हा येते.

कधी बाहेर थेंबही दिसत नाही. तरी सपाट, मोकळ्या जागी पहिला गिअर टाकून पेडल दाबून धरले, की थोड्या वेळाने गाडी आपोआप सरकू लागते. अशा वेळी मास्टर सिलिंडरमधील वॉशरवर संशय घ्यावा.

टाकीत झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचेच ब्रेक ऑइल भरावे, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. अडचणीत काही जण इंजिन ऑइल ओततात. त्याने रबरी वॉशर फुगतात. ब्रेक व क्लचची टाकी एकच असेल, तर ब्रेकही निकामी होऊ शकतात.

केबलच्या क्लचमध्ये पेडल जड झाले तर केबलच्या तारा तुटत आल्या आहेत का ते पाहावे. पेडलला वर थोडी मोकळी चाल हवीच. प्लेट झिजते तशी ती कमी होते. अजिबात उरली नाही तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेट जळते. चढाला पेडलवर पाय ठेवून चालवण्यानेही हेच होते.

प्लेट खरोखर गेली का? चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा. इंजिन बंद पडायला हवे. ते चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. ही चाचणी एकदाच करावी, क्लच तापतो. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग तपासावे.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावे. इंजिनचे मागचे ऑइल सील गळते का, तेही तेव्हाच पाहून घ्यावे.